रामलिंगशेठना समुद्र मानवणार नाही

तीर्थरूप दाजींना सत्यमचा साष्टांग नमस्कार. (आमच्या खोलीत साष्टांग घालायला गेलं तर पाय दाराबाहेर जातात आणि कुणीतरी अडखळतं, म्हणून बसल्या जागीच घातलाय. गोड मानून घ्यावा.)

तुमची शुगर कशी आहे, आक्का कशी आहे, आरती दहावीचा अभ्यास करते की नुसता मोबाईल बघते, ते कळवावं. माझी तब्येत बरी आहे. जेवण भरपूर मिळतं, फक्त त्यात तिखट नसतं. फोन असताना ह्यानं पत्र कशाला लिहिलं असं तुम्हाला वाटलं असेल. दाजी, फोन केला की तुम्ही "गिऱ्हाईक हाय, ठेव" म्हणता. पत्राच्या मधी गिऱ्हाईक येत नाही. आमच्यातला एक गोव्याचा पोरगा सुट्टीवर चाललाय, तो मुंबईत उतरून हे पेटीत टाकतो म्हणालाय. तुम्ही हे वाचत असाल तर तो भला माणूस निघाला.

तुम्ही चारचौघांत म्हणायचे की ह्याच्या पायाला भिंगरी आहे, नववीचा वर्ग ह्यानं दोनदा धरला आन् दोनदा सोडला, नांदेडचं हॉटेल सोडलं, पुण्याची कंपनी सोडली. आता येऊन बघा, मी एकाच जागी बसलोय, जागाच फिरून राहिली. जहाजाच्या पार तळाला, पाण्याच्याही खाली, कपडे धुवायचा कारखाना आहे, तिथं मी टॉवेलच्या घड्या घालतो. खिडकी नाही. सिंगापूर, मलेशिया, थायलंड सगळं बघितलं मी, म्हणजे तिथल्या मातीचे डाग टॉवेलवर बघितले. थायलंडची माती आपल्या निलंग्याकडच्या मातीपेक्षा लाल आहे, लवकर निघत नाही. एवढं माझं परदेशाचं ज्ञान.

आता मुद्द्याचं. मागच्या महिन्यात एका बियाण्याच्या कंपनीनं नांदेडकडचे चाळीस दुकानदार माल खपवल्याच्या बक्षीस-स्कीममधी आमच्या जहाजावर आणले. मला खाली काय पत्ता. दुपारी आमचा मुकादम (फिलिपिन्सचा आहे, पण ऊसतोडीच्या टोळीवरल्या मुकादमासारखाच शिट्टी मारून बोलावतो) पळत आला आणि इंडियन कोण कोण म्हणून विचारायला लागला. आम्ही अकरा जण उभे राहिलो. मग त्यानं हातातला फोन पुढं धरला. फोनमधून आवाज आला, "आरं बाबा, आंग तर चोळू दे." अकरातले दहा खाली बसले.

मला पांढरा शर्ट घालायला दिला आणि लिफ्टनं थेट वर नेलं. चार महिन्यांत दिवसाउजेडी आभाळ पहिल्यांदा बघितलं, डोळ्यांतून पाणीच आलं (उन्हानं). वरती पोहायच्या हौदाशेजारी गरम पाण्याचं एक गोल कुंड असतं, त्यात खालून बुडबुडे सोडतात आणि लोकांनी नुसतं बसायचं असतं. त्यात लोह्याचे नरसिंगकाका बनियनवर बसले होते. म्हातारा माणूस, पाठीचं दुखणं, समोर वाफा निघणारं पाणी. त्यांनी उनकेश्वरच्या गरम झऱ्याच्या कुंडावर करतात तशी दुखऱ्या अंगाची अंघोळ काढायची ठरवली आणि साबण लावला. पण बुडबुड्याच्या यंत्राला काय कळतंय. फेस कुंडाबाहेर आला, खुर्च्यांखालून गेला, एका गोऱ्या बाईची चप्पल त्यात गेली ती परत दिसलीच नाही. काकांचं डोकं तेवढं वर होतं.

मी म्हणलं, "काका, बाहेर या, इथं साबण चालत न्हाई."

काकांनी डोळ्यांवरचा फेस पुसला. "तू कुठला रं?"

"चाकूरकडला."

"कुणाचा?"

आता आईबाप नसलेला माणूस काय सांगणार. मी म्हणलं, "शेषेरावांचा मेहुणा. कृषी सेवा केंद्रवाले."

काका फेसातून अर्धे उठले. "म्हंजे सोयाबीन जाळलेला तूच का?"

दाजी, चहूकडं पाणी, चार देशांची माणसं, आणि तिथंसुद्धा माझी कीर्ती पोचलेली होती. (त्या दिवशी तुमच्या दुकानात मी शेतकऱ्याला डबा काढून दिला, तेव्हा टॉनिकच्या आणि उसातल्या तणनाशकाच्या दोन्ही डब्यांची झाकणं निळी होती, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगून ठेवतो.) तुम्ही त्या शेतकऱ्यापुढं हात जोडून उभे होते ते मी गोदामातून बघितलं. तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. बोलला असता तर मी थांबलो असतो, पण तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मी दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरली. त्याला तीन वर्षं झाली. सुट्टी मिळाली तेव्हाही मी मुंबईतूनच परत फिरलो.

काका कुंडातून दहा मिनिटं बाहेर निघाले नाहीत. मुकादम लांबून हातवारे करत होता, मी त्याला मान हलवून सांगत होतो की माणूस ऐकत नाही. खरं तर मीच एकेक विचारत होतो. यंदा विष्णुपुरीचं धरण भरलं का, लोह्याच्या बाजारात बैल येतात का अजून, असलं. मला बैल घ्यायचा नव्हता. शेवटी काका म्हणले, "पुढली खेप लातूरवाल्यांची हाय, तुझा दाजी यायलाय की. दोन जागा लागल्यात त्याला. संगं रामलिंगशेठ हाय."

म्हणून हे पत्र. रामलिंगशेठ तुमचे जिवलग, दुकानाला दुकान लागून, मोटारसायकलवर तुमच्या मागं तेच, कुणाच्या लग्नाला गेलात तरी जोडी. माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. पण जहाजाची एक रीत असते, आणि ती मला लोकांचे कपडे धुऊन धुऊन कळलीय, ती सांगणं माझं काम आहे.

पहिलं म्हणजे स्कीमच्या खोलीत दोघांत मिळून एक पलंग आणि एकच पांघरूण असतं. खिडकी असते पण उघडत नाही. रामलिंगशेठ घोरतात हे अख्ख्या चाकूरला ठाऊक आहे, तुम्हाला चार दिवस त्यांच्या शेजारी काढायचेत. दुसरं, जहाज डोलतं. डोललं की मधल्या मजल्यावर बसावं, लांब पाण्याच्या कडेला नजर लावावी, आल्याचा तुकडा दाढेत धरावा. जाड माणसाला जास्त लागतं म्हणतात. (कोण म्हणतं ते मी विचारलं नाही.) तिसरं तंबाखूचं. सातव्या मजल्यावरून समुद्रात थुंकलेलं समुद्रात जात नाही. वारा ते सहाव्या मजल्यावरच्या माणसाच्या चहात आणून टाकतो, आणि मग लोक वर बघतात. रामलिंगशेठ तंबाखूशिवाय दोन तास राहतील का, तुम्हीच सांगा.

उन्हातल्या खुर्च्यांवर एसटीच्या खिडकीतून टाकतात तसा रुमाल टाकून जेवायला जाऊ नये. लोह्याच्या मंडळींनी चाळीस खुर्च्यांवर चाळीस उपरणी-टॉवेल टाकले आणि निवांत झोपायला गेले. अर्ध्या तासानं पोरं ते गोळा करतात आणि खाली आमच्याकडं पाठवतात. चाळीसातलं एक उपरणं माझ्याच हातात आलं. आणि बंदराला उतरलात तर वेळेवर परत या. ही चाकूरची गाडी नव्हे, की कंडक्टर ओळखीचा आहे आणि "शेठ लघवीला गेलेत" म्हणल्यावर थांबेल. जहाज जातं. मागं राहिलेले, वरची पोरं सांगतात, धक्क्यावर उभं राहून लहान लहान होत जातात.

जेवणाचं मात्र जपून सांगतो, कारण तुम्ही जावई माणूस. इथं कुणी "बसा" म्हणत नाही. ताट आपणच घ्यायचं, रांगेत राहायचं, थोडं थोडं वाढून घ्यायचं, संपलं की पुन्हा जायचं. आग्रह नाही, मानपान नाही. आमच्याकडच्या एका लग्नात तुम्हाला जिलेबी दुसऱ्यांदा विचारली नाही म्हणून तुम्ही उठून मारुतीच्या पारावर जाऊन बसला होता. इथं पार नाही. आक्का असली तर तुमचं तोंड बघून तिला कळेल की काय कमी पडलं. रामलिंगशेठ आपलंच ताट भरणार.

लोह्याची मंडळी उतरून गेली तेव्हा त्यांच्या खोल्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे खाली आले. एका अभ्र्याला खोबरेल तेल आणि मेथीचा वास होता, आक्का घरी उकळायची तसला. बाकीचे सगळे मशीनमधी घातले, तो तेवढा बाजूला ठेवला. मुकादमानं विचारलं तर म्हणलं, डाग निघत नाही. तो म्हणला परत धू. मग धुतला. निघाला.

असो. पत्र लांबलं. आक्काला नमस्कार, आरतीला आशीर्वाद, गिऱ्हाईक उभं असेल तर आधी त्याला बघा.

आपला,
सत्यम

ता. क. : वरती रामलिंगशेठविषयी लिहिलंय त्यातलं निम्मं खोटं आहे. पलंग सांगितला तर दोन वेगळे करून देतात, आणि जाड माणसाला समुद्र उलट कमी लागतो असंही म्हणतात. दाजी, त्या दुसऱ्या जागेवर आक्काला आणा. बाकीचे सगळे दुकानदार एकमेकांनाच आणतात, मला माहीत आहे. बायकांना कुणी विचारत नाही आणि त्या म्हणतात, आम्हाला कुठं जमतंय. तिनं मला सहा वर्षांचा असल्यापासून वाढवलंय. मला गावाकडं तोंड दाखवायची हिंमत होत नाही, तिलाच इकडं आणा.

ता. क. दुसरा : तुम्ही म्हणाल, तिचा पासपोर्ट कुठाय. आहे. मागच्या वर्षी आक्का आरतीला घेऊन डोळे तपासायला म्हणून लातूरला गेली होती. डोळे चांगले आहेत तिचे. पोलीस चौकशीला घरी आला तेव्हा तुम्ही मोंढ्याच्या बाजारात होता, त्याला चहा आरतीनं दिला. मला हे आरतीनं सांगितलं, तिला रागवू नका. पासपोर्ट करून आक्का कुठं जाणार होती हे मी तिला विचारलं नाही, तुम्हीपण विचारू नका.

ता. क. तिसरा : रामलिंगशेठना मी आठ दिवसांपूर्वी वेगळं पत्र टाकलंय, त्यात समुद्र जरा जास्तच खवळवलाय. ते येऊन म्हणले की माझी तब्येत बरी नाही, तर आग्रह करू नका.

ता. क. शेवटचा : आम्हा खालच्यांना पाहुण्यांशी बोलायला बंदी आहे, पण नातेवाईक असेल तर आधी अर्ज करून अर्धा तास भेट देतात. अर्ज मी काल दिला. त्यात एकाच माणसाचं नाव बसतं. तुमचं लिहावं की आक्काचं, यावर मी लई विचार केला असं आपण धरून चालू.