चिंचेखालचं प्राण-पर्ण मंडळ

२२ जून, पहाटे
काल योगदिन झाला. शाळेच्या हॉलमध्ये, ट्यूबलाइटखाली, खिडक्या बंद. निसर्गाला दाराबाहेर उभं करून आपण दीर्घ श्वास घ्यायचा! मन विषण्ण झालं. रात्रभर विचार केला. योग आणि पर्यावरण यांचं लग्न मीच लावणार. शाळेमागच्या जुन्या चिंचेखाली रोज वर्ग. आधी आसनं, मग परिसराची सफाई, शेवटी झाडाशी संवाद. नावही सुचलं: प्राण-पर्ण मंडळ. शाळेला खोल्या कमी होत्या तेव्हा याच झाडाखाली मी सातवीला कविता शिकवल्या. मुलं ताल धरायची, वरून बारीक पिवळी पानं पडायची. उदगिरात तेवढी एकच जागा आहे जिथं निवृत्तीनंतरही मला अजून 'गुरुजी' असल्यासारखं वाटतं.
सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "आधी वाकून सोताच्या चपलेचा पट्टा लावा. मग झाडाशी बोला."

२६ जून
पहिला वर्ग. उपस्थित: मी, आडतवाले माणिकप्पा, आणि त्यांनी गाडीतून आणलेले दोन हमाल. हमाल म्हणाले, "गुरुजी, आमी दिवसभर पोती उचलून वाकतोच की." त्यांना श्वासाचं महत्त्व समजावलं. उद्या येतील.
बुंध्याशी खातूनबी बसलेली होती. शाळेकडून या झाडाचा गुत्ता, म्हणजे चिंचांचा मक्ता, दरसाल तिचाच. फुलोरा बघून ती बोली करते, उन्हाळ्यात तिचा अकरम चिंचा झोडपतो, मायलेक सावलीत बसून फोडतात, विकतात. वर्षाचं घर त्यावर चालतं. म्हणाली, "मास्तर, हातपाय हलवा, मला काय. यंदा फूल लई धरून राहिलंय, तेवढं सांभाळा." म्हटलं, खातूनबी, आता झाड मंडळाच्या छत्राखाली आहे. निर्धास्त राहा.

२७ जून
हमाल आले नाहीत.

३ जुलै
आज वृक्षालिंगन. डोळे मिटून प्रत्येकानं खोडाला मिठी मारायची, भुजंगप्रयात वृत्तात श्वास घ्यायचा. कल्पना माझी. चार ओळी होण्याआधीच माणिकप्पांच्या धोतरात मुंगळे शिरले. त्यानंतर त्यांनी जे केलं ते कुठल्याच आसनात बसत नाही.
उपाय: बुंध्याभोवती पावडर टाकली, वर फिनेलची बाटली. माणिकप्पा म्हणाले, खर्च माझा. निसर्गाशी एकरूप व्हायचं तर आधी वातावरण निर्जंतुक पाहिजे.

१९ जुलै
रोज पाचोळा झाडून खोडाजवळ जाळतो. परिसर आरशासारखा झाला आहे.

११ ऑगस्ट
मुळ्या वर आलेल्या, त्यामुळे पद्मासनात बूड एका बाजूला कलतं. ध्यान लागत नाही. ओटा पाहिजे. माणिकप्पा सिमेंट देतात, एका अटीवर: त्यांच्या कैलासवासी वडिलांच्या, बसलिंगप्पांच्या नावाची फरशी बसवायची. खातूनबीला विचारलं. खूश झाली. "बरं होईल की. साफ जागेवर चिंच फोडता येईल, माती लागणार न्हाई." मंडळ आणि श्रमिक यांचं असं एकमत क्वचितच होतं.

२० ऑगस्ट
खोदकाम सुरू. गवंड्यानं मनगटाएवढ्या मुळ्या तोडल्या. खातूनबी पळत आली, "अरे बाबा, हे काय करून राहिले!" तिला शांत केलं. म्हटलं, खऱ्या मुळ्या खूप खोल असतात, या वरवरच्या. गवंड्यानंही मान डोलावली. मग मी निश्चिंत झालो.

१४ सप्टेंबर
उद्घाटन. गोल ओटा, खोडाला घट्ट भिडलेला, एक फट नाही. गेरू-चुन्याचे पट्टे. खोडावर पाटी ठोकली, खिळे चांगले लांब घेतले, वाऱ्यात पडू नये म्हणून. पाटीवर माझ्या ओळी:
तुझ्या सावलीशी जडे जीव माझा,
तुझा श्वास माझा, तुझा प्राण माझा.
माणिकप्पांनी फोटो काढताना वडिलांची फरशी दिसेल असं उभं केलं. पाटी आली नाही.

२ नोव्हेंबर
चिंचेची पानं पिवळी पडून गळू लागली. खातूनबी म्हणते नजर लागली. तिनं फांदीला काळा दोरा बांधला. मी तिला अंधश्रद्धेवर थोडं बोललो. ही पानगळ म्हणजे अपरिग्रह आहे. चार महिने आपल्या सहवासात राहून झाडानंही संग्रह सोडायचं ठरवलं. वर्गात यावर बोललो. वर्गात मी आणि माणिकप्पा.
सौ.नं घरी ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तहान लागली असंल त्याला. सगळीकडून लिंपून टाकलंत. पाणी जाईल कुठून?"
ही सातवी शिकलेली आहे, पण विचार नेहमी घागरीपाशीच थांबतो.

५ नोव्हेंबर
तरी घरून दोन कळशा नेल्या. नळ आठवड्याला येतो, त्यामुळे सौ.नं उरलेल्या घागरी मोजून ठेवल्या. पाणी ओट्यावर ओतलं. ते ओट्यावरून फार सुंदर ओघळलं. थेट रस्त्यापर्यंत गेलं.

१७ नोव्हेंबर, सकाळी
प्रसंग. अकरम पहार घेऊन आला, मागं खातूनबी. "सर, बुडाभोवती हातभर गोल फोडतो. पाणी जाईल. नंतर मीच विटा लावून देतो." माणिकप्पांचा चेहरा उतरला. फोडायचं तिथंच त्यांच्या वडिलांची फरशी आहे. मधे मी पडलो. म्हटलं, अकरम, माझ्या वर्गात होतास, हातात पहार शोभते का? निसर्गावर विश्वास ठेव. आम्ही झाडासाठी चाळीस दिवस सामूहिक ओंकार करणार आहोत.
त्यानं आईकडं बघितलं, पहार खांद्यावर टाकली. मग म्हणाला, "सर म्हणतात म्हणून जातो."
खातूनबी मात्र लगेच गेली नाही. "मास्तर, माझं सगळं यंदाचं यावरच हाय बरं का." म्हटलं, माझ्यावर सोडा.
जुने विद्यार्थी अजून शब्द पाळतात. मन भरून आलं.

९ डिसेंबर
ओंकार चालू. माणिकप्पांना भाव पडल्यामुळे आडतीवर थांबावं लागतं. सामूहिक ओंकार मी एकटा करतो. आवाज मोठा ठेवतो.

२६ जानेवारी
झेंडावंदनाला आलेली पोरं ओट्यावर बसली नाहीत. सावली नाही म्हणाली. हल्लीच्या मुलांना सूर्यप्रकाशाचं वावडं आहे.

२१ फेब्रुवारी
चिंचा उतरवल्या. अकरम वर चढला तर पायाखालची फांदी करकर वाजली. अर्ध्यातूनच उतरला. खाली पडल्या त्या शेंगा वाळक्या, फुसक्या. फोडल्या की आत काळी भुकटी आणि चिंचोका. खातूनबी ओट्यावर बसून एकेक फोडून बघत होती. दुपार झाली तरी टोपलीचा तळ झाकला नव्हता. मी म्हटलं, पुढच्या वर्षी झाड दुप्पट देईल, विश्रांती घेतंय. तिनं हात झटकले. "ओटा चांगला झाला, मास्तर. माती लागली न्हाई."
टोमणा असावा. नक्की नाही.

३० मार्च
चिंचेला पालवी फुटायचे दिवस. वर पूर्ण उघडं आकाश दिसतं. योगाच्या दृष्टीनं आकाशतत्त्व महत्त्वाचं.
कुणी नव्हतं तेव्हा खोडाला कान लावला. मुंगळेसुद्धा नव्हते.

१८ एप्रिल
मोठी फांदी पडली. वारा नव्हता. खाली कुणी नव्हतं हे बरं, पण खाली कुणी का नव्हतं, हेही मनात आलं. लिहिणार नव्हतो.

६ मे
झाड धोक्याचं ठरलं. नगरपालिकेची माणसं मशीन घेऊन आली, दुपारपर्यंत आडवं. मी वानप्रस्थावर चार शब्द बोलावे म्हणून गेलो होतो. मशीनच्या आवाजात ऐकू आलं नसतं. एका माणसानं पाटी उपटून माझ्या हातात दिली. खिळे खोडातच राहिले. त्यावरून तो करवत खराब होईल म्हणून शिव्या देत होता. मी तिथून थोडा लांब जाऊन उभा राहिलो.
बुंधा ओट्याच्या पातळीत कापला आणि वर सिमेंट ओढलं. आता ओटा सलग झाला.

२८ मे
खातूनबी माणिकप्पांच्या गोदामात रोजानं चिंच फोडते. बिलोलीकडून आलेला माल. अकरम हैदराबादला गेला. माणिकप्पा म्हणाले, "आपल्यामुळं बाईला काम मिळालं, गुरुजी." मी हो म्हटलं. घरी येऊन जेवलो नाही. सौ.नं ताट झाकून ठेवलं.

२१ जून, सकाळी
योगदिन. मंडळाचा कार्यक्रम ओट्यावर. पाऊस नाही. माणिकप्पांनी फोटोग्राफर पाठवला, स्वतः येऊ शकले नाहीत. तो म्हणाला, "गुरुजी, एकट्याचाच काढू. मधोमध उभे राहा. वृक्षासन करा, विषयाला धरून होईल."
मधोमध उभा राहिलो. डावा पाय उचलला, हात वर जोडले. खालून सिमेंट भाजत होतं. समोरच्या रस्त्यानं खातूनबी गोदामाकडं चालली होती, पदर डोक्यावरून तोंडापर्यंत ओढलेला. मी हात वर ठेवूनच हाक मारली. तिनं वळून पाहिलं. माझ्याकडं नाही, माझ्या वर, जिथं फांद्या असायच्या तिकडं. मग गेली.
फोटोग्राफर म्हणाला, "हलू नका." पण पाय टेकला होता.
उन्हामुळे पुढचे वर्ग घरात घेईन. पंख्याखाली. सतरंजी एकच पुरेल.