पत्रिका सम्राटचं कुलूप

६ जानेवारी
आजपासून मी दुकानदार नाही, सॉफ्टवेअर उत्पादक. सहा महिने यूट्यूब बघून 'पत्रिका सम्राट' तयार केलं. लग्नपत्रिकेतली नावं मानपानाप्रमाणे आपोआप लावतं. थोरले काका आधी, मग आत्याचे यजमान, रुसणारे गुपचूप वर. किंमत फक्त पाचशे. जयश्रीला म्हटलं, वर्षभरात दारात गाडी. बायको म्हणाली, आधी कल्पिताच्या पत्रिका करा.
कल्पिता म्हणजे धाकटी मेव्हणी. पहिली पत्रिका २१ फेब्रुवारीला, शुक्रवारी, महालक्ष्मीपुढे ठेवायची. जयश्रीने हट्ट धरला म्हणून सासऱ्यांनी हे काम मला दिलं. त्यांच्या लेखी मी झेरॉक्सवाला. आता कळेल.

१३ जानेवारी
विक्री एक. बाबल्याने नेलं. माझा मावसभाऊ, वाढवणला मोबाईल दुरुस्ती करतो. पैसे घेतले नाहीत. घरच्याकडून कसे घेणार?

१९ जानेवारी
रानशेतहून एक पत्रिका आली. मांडणी बघताच ओळखली. माझीच! चौकशी केली. बाबल्याने त्याच्या साडूला दिलं, साडूने तलासरीच्या हार्दिकला. हार्दिक म्हणजे हायवेवरचा प्रिंटवाला, माझा एकमेव स्पर्धक.
पण मी घातलेला पासवर्ड? बाबल्या म्हणाला, तुझ्या दुकानाच्या उद्घाटनाची तारीख टाकून बघितली, उघडलं. ती कोणी फोडली विचारलं. यंदाच्या कॅलेंडरवर मीच छापून तालुकाभर वाटली आहे म्हणे.

२० जानेवारी, दुपारी
गिऱ्हाईक नाही. विचार केला, लोक सॉफ्टवेअर फुकट का उचलतात? कोळणीच्या टोपलीतला एक बोंबील कोणी न विचारता घेणार नाही. पण सॉफ्टवेअर उचललं तरी मालकाकडे तेवढंच उरतं, म्हणून चोरी वाटत नाही. संस्कार कमी पडतात.
माझ्याकडचं फोटोचं, फॉन्टचं, डिझाइनचं सगळं क्रॅकच आहे. पण ते वेगळं. त्या कंपन्या मोठ्या, त्यांना पत्ताही लागत नाही. शिवाय मी ते शिकण्यापुरतं वापरतो. चौदा वर्षं शिकतोय.

१० फेब्रुवारी, सकाळी
निश्चय. पत्रिका सम्राटला पक्कं कुलूप. कॉपी करता येऊ नये म्हणून लावायचं खास सॉफ्टवेअर सापडलं. किंमत भयंकर. सुदैवाने क्रॅक मिळाला. सूचना होती, आधी अँटिव्हायरस बंद करा. तोही क्रॅकचाच, त्यामुळे फार वाईट वाटलं नाही.

१० फेब्रुवारी, संध्याकाळी
कुलूप उत्तम लागलं. माझ्याच सगळ्या फाइलींना. स्क्रीनवर इंग्रजीत डॉलर मागतायत.
बॅकअपचा पेनड्राइव्ह होता. हरवू नये म्हणून कॉम्प्युटरलाच लावून ठेवला होता. तोही गेला.

१७ फेब्रुवारी
कॉम्प्युटर पुसून कोरा केला, पत्रिका सम्राटसकट. कल्पिताच्या पत्रिकेतल्या एकशे बारा नावांपैकी एकशे अकरा हाताने लावली. नवरीचे मामाच राहिले. जयश्री दोन दिवस कामापुरतं बोलते. सासऱ्यांचा फोन आला, जमत नसेल तर वलसाडला टाकतो, लाजू नका. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. धूळ फार आहे दुकानात.

१९ फेब्रुवारी
बाबल्याने त्याची कॉपी केव्हाच पुसली म्हणे. बसने तलासरी. जयश्रीला सांगितलं, मार्केट सर्व्हेला जातोय.
हार्दिकने चहा पाजला. त्याच्याकडे पत्रिका सम्राट झकास चालू होतं. मी आपण होऊन म्हटलं, तुझं व्हर्जन तपासायला हवंय. त्याने न विचारता पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं. वर सांगितलं की नवरीचे मामा तळाला जायचे ती चूक त्याने काढली, गुजराती पण टाकलं. मी किती द्यायचे विचारलं, तर हसला.
"नविनभाई, पैसे कसले? याचे पैसे कोण देतं?"
येताना ठरवलं, याला चोरी म्हणायची नाही. प्रसार म्हणायचं.

२० फेब्रुवारी
पत्रिका झाली. एकशे बारा नावं, कोणाला रुसायला जागा नाही. माझी बुद्धीच तशी. जयश्री गोड हसली. जीव भांड्यात पडला.
फक्त तळाला एक ओळ आपोआप येते. 'रचना : हार्दिक प्रिंट, तलासरी.' निघता निघत नाही, पासवर्ड मागते. हार्दिकच्या दुकानाची तारीख टाकली, त्याच्या मुलीचा वाढदिवस टाकला. शेवटी फोन केला.
"तो नाय देणार, नविनभाई. मेहनत केली ने मी, असं फुकटात कसं देऊ?"
ओळीवर कागद चिकटवून झेरॉक्स काढून पाहिली. सोनेरी शाई काळी आली. नाद सोडला.

२१ फेब्रुवारी
पत्रिका देवीपुढे ठेवली. सासऱ्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून वाचली. नवरीच्या मामांचं नाव वरच्या ओळीत बघून खूश झाले. शेवटची ओळ मोठ्याने वाचली आणि पहिल्यांदाच माझ्या पाठीवर हात ठेवला.
"जावईबापू, माणूस चांगला शोधलात. जमत नाही ते दुसऱ्याला द्यावं, हेच शहाणपण."
मी हो म्हटलं.