सांध्यावर माती

१२ नोव्हेंबर २०१७
दीप्ती आली. नात माझी, रायपूरले शेतीचं शिकते. शिकते म्हणजे हॉस्टेलात राहते. येताना रेल्वेत बारा टमाटरची रोपं घेऊन आली, कलमाची. खाली रानवांग्याचं मूळ, वर टमाटर, मधात प्लास्टिकचा चिमटा. म्हणे आजी, वांग्याचं मूळ दमदार, मर रोगाले दाद देत नाही. मी म्हटलं, टमाटरले सोताचे पाय नाहीत का? पोरगी हसली नाही. शिकली की हसणं जाते.
घरामागच्या आपल्या बाडीत तीन वर्षं टमाटर उभ्याउभ्या वाळून राहिले, हे खरं. पण ते शेजारच्या शामकलेच्या नजरेनं.
शर्त लागली. सहा झाडं तिची, सहा माझी. जिले टमाटर जास्त, बाडी तिच्या हुकुमात. हरेल ती पाणी वाहील. शामकला साक्षीदार. बिचारी दीप्ती. कमरेले आतापासून तेल लाव म्हटलं.

१३ नोव्हेंबर, सकाळी
लावली. दीप्ती म्हणे कलमाचा सांधा मातीच्या वर राहू दे. थंडीत जखम उघडी ठेवते का कोणी? हे यांचं सायन्स! ती चहा प्यायले गेली, तसे माझे सहाही सांधे मातीत गाडले, वरून थापले. टमाटर खोल लावावा, हे मले चौथी नापास व्हायच्या आधीपासून माहीत.

२६ नोव्हेंबर
दीप्ती गेली. दाराले खताचा कागद चिकटवून गेली. इतके चमचे, तितके चमचे. चमच्यानं चहात साखर टाकतात. तिच्या झाडांले कागदाप्रमाणेच दिलं, बेइमानी आपल्या घरात नाही. माझ्या झाडांले मूठमूठ युरिया. मग वाटलं, म्हातारपणानं मूठ आकसली असेल. अजून एक टाकली.

२० डिसेंबर
माझी झाडं कमरेएवढी! काळीशार हिरवी! तिची गुडघ्याएवढी, अन् फुलावर. उपाशी झाड लवकर फुलते, मरायची घाई असते त्याले. शामकला येऊन म्हणे, काकी, तुमच्या झाडांले फूल कुठं? मी म्हटलं, घर बांधून झालं की पाहुणे येतात. तुले काऊन घाई?

१४ जानेवारी २०१८
संक्रांत. दीप्तीच्या झाडांले टमाटर. माझ्या झाडांले पानं. पण काय पानं! फोनवर तिले सांगितलं, तयारी चालू आहे. तिनं विचारलं, सांधा वर आहे ना? मी म्हटलं, रेंज नाही, अन् ठेवला.

२ फेब्रुवारी
तीन टमाटर लागले! एक तर बोरापेक्षा मोठा. बचत गटाच्या बाया बोलावून दाखवला. नंदाबाई चष्मा विसरली होती, तिले दिसला नाही. तिकडे दीप्तीच्या झाडांची दुसरी टोपली भरली. टोपलीच लहान आहे.

११ फेब्रुवारी, दुपारी
दोन झाडांची मान पडली. ऊन. मलेही दुपारी असंच होते.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी
मान उठली नाही. एक मूठ टाकली.

१५ फेब्रुवारी
सहाही गेली. पानं हिरवीच होती, अन् गेली. दीप्तीची उभी आहेत. रोगाले पण कळते, खायले कुठं आहे.

१८ फेब्रुवारी
दीप्ती आली. माझं झाड उपटलं. मी पुरलेल्या सांध्याच्या वरून टमाटरनं आपली मुळं काढली होती. ती सगळी सडकी. खालचं वांग्याचं मूळ पांढरं, ठणठणीत. तिनं बुंधा कापून पाण्याच्या गिलासात धरला, तर दुधासारखी धार सुटली. म्हणे, हाच मर रोग, आजी. सांधा वर असता तर त्याले चढायले रस्ता नव्हता. तू रस्ता बांधून दिला. अन् युरियानं झाड आणखी नाजूक केलं.
मी म्हटलं, गिलास खराब धुतला असेल.
शामकलेनं मोजले. दीप्तीचे एकशे एकोणसाठ. माझे तीन. दोनदा मोजले, मीच मोजायले लावले.

१९ फेब्रुवारी, सकाळी
विहिरीवरून डोक्यावर आठ गुंड भरून पाणी आणलं. दीप्ती ओट्यावर बसून सांगून राहिली, आजी, हळू ओत.
हळू ओतलं.