सोसेल इतपत पाणी

१३ जाने. ५९, किहीमजवळ
अकराही रोग्यांच्या घरी उपचार सांगून झाला. पायांचे तुकडे पडले. महारोगाच्या गोळ्या आमच्या नि पलीकडच्या, दोन्ही गावांत सारख्याच. आमच्या गावात शिवाय रोज वीस मिनिटं हात कोमट पाण्यात, मग खोबरेल, मग बोटांचा व्यायाम. सहा महिन्यांनी दोन्ही गावांतले हात ताडून बघायचे. डॉ. चारदा बजावून गेले, "नर्सबाई, ठरलंय तेच आणि तेवढंच व्हायला हवं." जसं काही मी कुक्कुलं बाळ!

३ फेब्रु.
मंगळवारची फेरी. अकरांतली द्वारकी खूश. रोज हात भिजवला की सासू भिंतीवर कोळशाची रेघ मारते. द्वारकी म्हणते, "बोटं सरळ झाली का भाकरी मीच थापीन, बाय." घरात तिला कुणी चुलीशी येऊ देत नाही. कार्डावर: उपचार नियमित.

२४ मार्च
द्वारकीच्या तर्जनीला फोड. पाणी आधीच ओतून टाकलेलं. सासू म्हणाली, "भांड्याला लागला असंल." पट्टी बांधली. कार्डावर: नियमित.

७ एप्रिल
आणखी तीन घरी फोड. मन खातंय. परवा न सांगता जाणार.

९ एप्रिल
गेले. घमेल्यातून वाफ येत होती. बोट घातलं नि ओरडलेच. द्वारकीचा हात त्यातच, नि ही बाईसाहेब हसून गप्पा मारतेय!
"काढ हात, मेले!"
सासू गांगरली. "तूच सांगितलंस ना बाय, सोसंल इतपत ऊन पाणी? हिला सोसतंय. हूं का चूं करत न्हाय."
मीच सांगितलं होतं. बाळंतिणीला सांगतो, मुरगळलेल्या पायाला सांगतो, तसंच तोंडातून गेलं. डॉ.नी दिलेल्या कागदावर होतं: कोमट, घरच्या माणसाने कोपर बुडवून बघावं. बधिर हाताला काय सोसत नाही? माझी जीभ झडो.

१० एप्रिल
सगळी घरं फिरले. नऊ घरी कढत पाणी. बंद करवलं.
डॉ.चं पत्र आलं. कार्डं पाहिली, उपचार चोख, तरी तीनच महिन्यांत आमच्याकडचे हात पलीकडच्या गावापेक्षा वाईट. म्हणजे पाण्याचा उपायच घातक, कायमचा बंद करा असं वर लिहिणार. मंगळवारी खात्री करायला येतायत.

१४ एप्रिल
द्वारकीच्या बोटाचं टोक काळं पडलंय.
डॉ.नी तिच्या सासूला अंगणातच विचारलं, "बाईंनी सांगितलं तसंच केलंत ना?"
"व्हय डॉक्टर. एक दिस चुकवला न्हाय." भिंतीवरच्या रेघा दाखवल्या. केवढा अभिमान तोंडावर!
"मग बाई, लिहू ना तसं?"
गप्प बसले तर नोकरी राहील. नि हा उपाय पुन्हा कुणाच्याच हाताला मिळणार नाही. त्यात द्वारकीचाही हात आला.
म्हटलं, डॉक्टर, आधी माझ्या घरी चहा घ्या.
ओसरीवर बसलेत, वही मांडीवर. दोनदा हाक मारली. चहा केव्हाच झालाय, मी आत हेच लिहीत बसलेय.