कुलपातली तिसरी पट्टी

ता. ३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. फोनवर बोललेलं नोंदीला राहत नाही म्हणून तुम्ही फोन घेत नाही, तेव्हा मीही मुकाट्याने कागद घेऊन बसले आहे. आई म्हणते, गुडघा आता बरा आहे. तुम्ही लिहिता, तो कधी दुखलाच नव्हता. दोघांपैकी एकाचं तरी खरं असेल.

आता कामाचं. आमची संस्था अंध आणि कमी दिसणाऱ्या माणसांना नोकऱ्या मिळवून द्यायची खटपट करते, हे तुम्ही जाणताच. यंदा अकरा कारखान्यांनी नाही म्हटलं. बारावा तुमचा कुलपांचा. धाकटे मालक एका बाईंची दहा दिवस परीक्षा घ्यायला तयार झाले आहेत. अट एकच, की तुम्ही त्यांच्या शेजारी बसून काम शिकवायचं आणि रोजचा निकाल लिहून सही करायची. तुमची सही ते डोळे झाकून मानतात. बाई पस्तिशीच्या आहेत, त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. रोज साठ कुलपं जोडायची, त्यात तीनांहून जास्त सदोष चालणार नाहीत. त्यांचं जमलं तर आमच्या आणखी चौघांना तिथे घेतील. नाही जमलं तर पुन्हा विचारायचं नाही, असं मालकांनी स्पष्ट सांगितलं आहे.

आणि बाबा, उपकार केल्यासारखं वागू नका. बाईंची जीभ माझ्याहून तिखट आहे.

लोभ आहेच, तो गुडघ्याच्या चौकशीसकट मान्य करून घ्यावा.

तुमची,
ठमी


ता. ९ फेब्रुवारी

चि. ठमी हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. तुझ्या शिफारशीवरून नव्हे, तर धाकट्या मालकांनी स्वतः घरी येऊन विनंती केल्यावरून मी ही जबाबदारी पत्करली आहे, याची नोंद असावी. तपासणीच्या मेजावर मी निवृत्तीपर्यंत अडतीस वर्षे काढली. माझ्या सहीने बाहेर पडलेले एकही कुलूप परत आलेले नाही.

काम तुला समजावे म्हणून लिहितो. कुलपाच्या पोटात पाच पितळी पट्ट्या एकावर एक बसतात. किल्ली फिरली म्हणजे पाचही सारख्या उचलल्या गेल्या पाहिजेत, अन्यथा किल्ली अडते. चार पट्ट्यांना एका बाजूस उंचवटा असतो. तिसरी मात्र दोन्हीकडून सपाट आहे. ती चकचकीत बाजू वर ठेवून बसवावी, असे मी आजवर प्रत्येक नव्या कामगारास सांगत आलो. बाईंनाही तेच सांगितले. चकाकी बोटाला कशी लागते, असे त्यांनी विचारले. मला प्रश्न थट्टेचा वाटल्याने मी उत्तर दिले नाही.

चार दिवसांचा निकाल असा : सदोष कुलपे दोन, दोन, एक, दोन. मालक संतुष्ट आहेत. बाई मला मास्तर म्हणतात. मास्तर दर पाच मिनिटांनी खाकरतात, त्यामुळे घड्याळाची गरज पडत नाही, असे त्या शेजारच्या कामगारास म्हणाल्याचे माझ्या कानी आले आहे.

तुझ्या आईची प्रकृती ठीक. माझीही.

लोभ असावा व पत्रास उत्तर वेळेवर यावे.

तुझा,
बाबा


ता. १३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

काल बाईंचा फोन आला. त्या रागावलेल्या नव्हत्या, म्हणून मला जास्त भीती वाटली.

जे कुलूप हाताला अडल्यासारखं लागतं ते त्या खोक्यात उलटं ठेवतात, म्हणजे नंतर तुम्हाला विचारता येईल. रोज अशी सात-आठ निघतात. सकाळी येऊन बघतात तर उलटं एकही नसतं, आणि निकाल विचारला की तुम्ही दोन सांगता. त्यांनी मला शांतपणे विचारलं, की माझी बोटं खोटं बोलतात की तुझे बाबा. बोटं खोटं बोलत असतील तर मी आजच काम सोडते, म्हणाल्या, कारण मग माझ्याजवळ दुसरं काही नाही.

तुम्हाला विचारून सांगते, असं मी म्हटलं. तुम्हीच सांगा. इथे चार माणसं रोज येऊन बाकावर बसतात आणि कारखान्याचं काय झालं ते विचारतात.

तब्येत सांभाळा. लोभाचं या खेपेला काही लिहीत नाही.

ठमी


ता. १५ फेब्रुवारी

चि. ठमी हीस,
आशीर्वाद.

बाईंची बोटे खरे बोलतात.

पहिल्याच दिवशी सात कुलपे सदोष निघाली. सातांतही तिसरी पट्टी उलटी होती; पेटीत बहुतेक पट्ट्या सुलट्याच पडलेल्या असतात, उरलेल्या अशा फसवतात. मला तुझ्या त्या चौघांची आठवण झाली. बाई गेल्यावर मी मागे थांबलो, सातांपैकी पाच उघडून पट्टी सुलटी केली व निकालात दोन लिहिले. त्यानंतर रोज तेच केले. दया हा शब्द मी वापरणार नाही, परंतु दुसरा सापडत नाही.

काल सकाळी मेजावर सर्वांदेखत हे बाईंना सांगितले. त्यांनी हातातले काम ठेवले. म्हणाल्या, मास्तर, तुम्ही चूक लपवलीत म्हणून मी आठवडाभर तीच चूक गिरवत बसले. डोळस माणसाला असं फुकट पास केलं असतंत का? केले नसते. एका कामगारास मी एकच कुलूप अकरा वेळा उघडायला लावले होते. तो पुढे मुकादम झाला.

मग त्यांनी तिसऱ्या पट्ट्यांचा ढीग मागितला व एकेक पट्टी कडेने चाचपू लागल्या. पत्रा यंत्राखाली कापला जाताना एका बाजूची कड किंचित खरखरीत राहते. ती बाजू खाली गेली की चकचकीत बाजू आपोआप वर येते. हे शोधायला त्यांना दहा मिनिटे लागली. मला अडतीस वर्षांत ठाऊक नव्हते.

तेथून मी मालकांकडे गेलो व माझे निकाल खोटे असल्याचे सांगितले. ते म्हणाले, मास्तर, आता तुमच्या जुन्या सह्यांचं मी काय समजू? दोष माझा आहे, बाईंचा नाही, एवढेच मी म्हणालो व त्यांच्यासाठी नवे पाच दिवस मागितले. निकाल मुकादमाने लिहावा व मी फाटकाच्या आत येऊ नये, या अटीवर ते मिळाले.

हे पत्र बाईंना जसेच्या तसे वाचून दाखवावे.

बाबा


ता. २४ फेब्रुवारी

चि. ठमी हीस,
अनेक आशीर्वाद.

मुकादमाचा निकाल : पाच दिवसांत तीनशे कुलपे, सदोष अकरा. पंधरांपर्यंत चालणार होती. बाईंना कालपासून कायम केले आहे. पाचही दिवस मी फाटकाशी पहारेकऱ्याच्या बाकावर बसून होतो. ज्यांना मी काम शिकवले ते येता-जाता मान खाली घालून जात. ते योग्यच होते. शेवटच्या दिवशी आकडा सांगायला बाई स्वतः फाटकापर्यंत आल्या. मी खाकरल्याने त्यांना बाक शोधावा लागला नाही.

तुझ्या चौघांपैकी पहिल्याने सोमवारी यावे, असा मालकांचा निरोप आहे. त्याला शिकवाल का, असे त्यांनी मला विचारले. माझ्यासाठी हे थोडके नव्हे. परंतु मी सांगितले की ते काम बाईंचे आहे, मला बोटांनी जोडता येत नाही. बाई म्हणाल्या, मास्तरांनाही शिकवते, फक्त डोळे मिटून बसायचं आणि मधेच बघायचं नाही.

काल मी डोळे मिटून वीस कुलपे जोडली. नऊ सदोष निघाली. बाईंनी ती नऊही माझ्या पुढ्यात ठेवली, काठी उचलली व त्या घरी गेल्या. आज ती उघडावयाची आहेत, सबब येथेच पुरे करतो.

मागील पत्रात तुझे लोभाचे लिहावयाचे राहिले होते. या खेपेस लिहावे.

तुझा,
बाबा