फळ्यावरची जुनी लिंक

आईस, लोसाचं खूप प्रेम.

इथे ब्रिस्बेनला मी ठणठणीत आहे. रविवारी माझ्या वाटणीचा उकडलेला तारोचा कंद आता कोण खातं?

नोकरी मिळाली नाही म्हणून माझ्या भावाला, इओपुला, आळशी म्हणू नकोस. इथल्या फळतोडणीच्या नोकरीचा अर्ज मी सांभाळते त्या आमच्याच कंपनीच्या वेबसाइटवर होता. साहेबाने, ब्रेटने, मध्येच त्याची लिंक बदलली. पाद्रीबाबांनी गावातल्या चर्चच्या फळ्यावर लिहिलेली जुनीच राहिली.

"जुनी लिंक नव्या पानाकडे वळवते, एका ओळीचं काम आहे," मी म्हणाले.

"राहू दे. जुन्यावर कोण कडमडतंय?" ब्रेट म्हणाला.

आपलं अख्खं गाव कडमडलं. प्रत्येकाला एकच उत्तर मिळालं, पान सापडत नाही.

"तुमच्या गावातून एकही अर्ज नाही. तुम्हा सामोआवाल्यांना कामच नको असतं," ब्रेट काल म्हणाला, आणि मग ती ओळ लिहू दिली. आता जुनी लिंक झटकन उघडते. त्यावर लिहिलंय, अर्जाची मुदत संपली.

इओपुला एवढं वाचून दाखव.

तुझीच,
लोसा