उत्तीसाच्या उलट्या बाजूचं शेवाळ

प्रिय दाजू,

आधी एवढं वाच आणि मगच पुढे जा. भाउजू बरी आहे. तुझ्या लेकीचा, नानूचा, खोकला गेला, वजनही थोडं भरलंय. दोघी सध्या वरच्या शाळेत राहतायत. का, ते सांगतेच. लगेच घाबरू नकोस, मी घाबरलेय तेवढं पुरे.

मी भदौ महिना लागता लागता घरी आले. कोलकात्याच्या कामातून कशीबशी सुट्टी काढली, कारण झाडावरची शेवाळं बघायची तर पावसातच. उन्हाळ्यात ती सगळी एकजात वाळक्या चहासारखी दिसतात. आपल्या अलैंचीच्या बागेत वेलदोड्याला सावली धरणाऱ्या उत्तीसाच्या झाडांवर कुठल्या कुठल्या जाती आहेत, याची नीट मांडणी आजवर कोणी केलेली नाही. म्हटलं, आपण करू. रोज सकाळी भिंग गळ्यात अडकवून, जळवांना मीठ लावत मी बागेत उतरायची. खालच्या घरचे हर्कध्वज काका गोठ्यातून ओरडायचे, "ए छोरी, झाडांना उवा झाल्यात का गं? सापडली तर मलाही दाखव!" तूही असाच. मी शिकायला निघाले तेव्हा बसस्टँडवर सगळ्यांदेखत म्हणाला होतास, "घरात एक झ्याउ होती ती कमी होती की काय, आता ही झ्याउ शिकून येणार!" शेवाळालाही झ्याउ आणि कटकटीलाही झ्याउ, त्यामुळे तुम्हा लोकांना फार सोपं जातं.

थोडं माझ्या विद्येतलं सांगते, कंटाळू नकोस. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. लांबून सगळं शेवाळ एकच हिरवं, पण प्रत्येकाची राहण्याची जागा ठरलेली. बुंध्याशी ओल असते तिथं पिसांसारखं पसरणारं. फांद्यांवर दाढीसारखं लोंबणारं. आणि उघड्या, कोरड्या सालीवर सगळ्यांच्या आधी येऊन बसते ती नखाएवढी गोल उशी. वयात आल्यावर तिला बारीक बोंडं येतात, त्यांवर केसाळ टोपी असते. टोपी काढायची, बोंडाच्या तोंडाशी असलेले दात भिंगातून बघायचे, ते कसे वळतात त्यावरून जात ठरवायची. बोंडं धरायला उशीला दोन-तीन पावसाळे जावे लागतात. आणि झाड तिरकं असेल तर शेवाळाचा जाड गालिचा कायम वरच्या अंगाला, कारण पाऊस तिथं पडतो. खालचं अंग कोरडं, उघडं. आपले उत्तीस उजेडासाठी दरीकडे झुकलेले, म्हणून त्यांचं शेवाळ डोंगराच्या अंगाला. लहानपणी आपण त्याच गादीवर पाठ टेकून बसायचो.

एके दिवशी मी खाली खोल्याच्या, आपल्या ओढ्याच्या काठाला होते. पाणी मातकट होऊन धावत होतं. एका उत्तीसाचं शेवाळ काढायला हात घातला, तर ते खालच्या अंगाला निघालं. जुनं, जाड, पण वाळून तपकिरी झालेलं. वरच्या अंगाला उघडी साल, आणि तिच्यावर त्या गोल उश्या, बोंडांनी भरलेल्या. आधी माझ्या लक्षातच आलं नाही. वहीत चुकीची बाजू लिहिली गेली म्हणून मी खोडलं. शेजारचं झाड बघितलं, तेही तसंच. मग मागे सरकून सगळ्या रांगेकडे बघितलं. दरीकडे झुकलेली झाडं डोंगराकडे रेलली होती. सगळी. हळूहळू, कोणाच्या नजरेत न येता. झाडं आपण होऊन अशी मागे रेलत नाहीत दाजू, त्यांच्या मुळाखालची जमीन खचत सरकत असते.

मी वर चढत गेले. मधल्या टप्प्यावर उश्या होत्या, पण कोवळ्या, बोंडांशिवाय. हर्कध्वज काकांच्या घरामागे तर उशीही नव्हती. साल नुसती कोरी, आणि खाली लोंबणारं शेवाळ अजून ओलं हिरवं. त्याला आपण उलटे झालोय हे कळलंसुद्धा नव्हतं. म्हणजे काठावरची झाडं कधीचीच कललेली, मधली त्यानंतर, आणि काकांची याच पावसाळ्यात. खालून वर काहीतरी चढत येत होतं, आणि त्याच्या वाटेत पुढचं घर आपलं होतं. मी वही मिटली आणि धावत घरी आले.

बांना सांगितलं. ते वाळक्या पनीरची चुरपी चघळत ऐकत होते. म्हणाले, "झाडं आहेत बेटा, वाऱ्यानं झुकतात." काका ओसरीवरच होते. त्यांना तर पर्वणीच, बांना म्हणाले, "दाइ, तुमची छोरी शेवाळात भविष्य बघते! माझी म्हैस गाभण आहे, रेडा होणार की पारडी तेवढं विचारून दे गं." बासुद्धा हसले. मला रडू आलं ते रागानं नव्हे. मी चुकीचीही असू शकत होते. शेवाळाच्या भरवशावर गाव उठवायचं, आणि काहीच झालं नाही तर? आणि झालं तर? रोज सकाळी उठून आधी मी भिंतींकडे बघायची.

माझ्यावर विश्वास ठेवला तो एकट्या भाउजूनं. चुलीपाशी बसून मी सगळं सांगितलं. ती पिठाचा ढिंडो ढवळत राहिली, मग हलक्या आवाजात म्हणाली, "नानी, पोरी, मला तुझ्या झ्याउमधलं काही कळत नाही. पण साउन महिन्यापासून स्वयंपाकघराचं दार लागत नाही. बा म्हणतात लाकूड फुगलं. मी तासून घेतलं, तरी लागत नाही." एवढं बोलून तिनं नानूला पाठीशी बांधलं, कपड्यांचं गाठोडं केलं आणि बांसमोर जाऊन उभी राहिली. तुझी बायको किती कमी बोलते, तुला माहीत आहे. म्हणाली, "बा, मी पाऊस थांबेपर्यंत शाळेत राहते. रागवा, पण अडवू नका." जाताना तिनं काकीलाही ओढून नेलं. लेकराकडे बघायला कोणीतरी हवं, म्हणून.

पाऊस खरंच थांबला. छान ऊन पडलं, लोकांनी अलैंची वाळत घातली. काका आपल्या घरच्या ओसरीवर बांसोबत चहा घेत मला म्हणाले, "काय गं, तुझं शेवाळ काय म्हणतंय आज?" आणि खालून वेळू चिरल्यासारखा आवाज आला. आम्ही तिघं कठड्याशी गेलो. दाजू, झाडं चालत होती. आडवी पडली नाहीत, उभीच्या उभी, माणसांच्या घोळक्यासारखी, मातीवर बसून खाली निघाली होती. त्यांच्या मधोमध काकांचं घर होतं, छपरावर वाळत घातलेल्या मिरच्यांसकट. ते थोडं वळलं, कोणी हाक मारल्यावर वळतं तसं, आणि मग तिथं घर नव्हतं. म्हैस एकदाच ओरडली. नंतर खूप वेळ नुसते दगड घरंगळत राहिले. काकांच्या हातात चहाचा पेला तसाच होता. ते मला म्हणाले, "ती घरात होती का?" मी ओरडले, "नाही, काकी शाळेत आहे, काका, शाळेत आहे!" त्यांनी पेला कठड्यावर ठेवला.

माणूस एकही गेलं नाही. सगळे म्हणतात ही देवाची कृपा, काहीजण मला बघून हात जोडतात. मला ते बघवत नाही. आपलं खरं ठरलं याचा आनंद मला क्षणभरही झाला नाही. कारण त्याच दुपारी मी आपल्या घराच्या मागे चढले. आमा होती तेव्हा तिनं लावलेल्या उत्तीसाला हात फिरवला. वरचं अंग कोरं. खालचं शेवाळ ओलं, हिरवं. त्याच्या मुळाशी जमिनीला एक चीर आहे, आज माझा हात कोपरापर्यंत आत जातो. काल ती मनगट जाईल एवढीच होती.

खालची सगळी घरं रिकामी झालीत. काका-काकी शाळेत आहेत, काका कोणाची थट्टा करत नाहीत. एकटे बा घर सोडून उठत नाहीत. मी पाया पडले, भाउजू येऊन रडली, शाळेचे गुरुजी येऊन गेले. बांचं एकच म्हणणं: "थोरला दसैंच्या सणाला येतोय. सातव्या दिवशी, फुलपातीपर्यंत पोचतो असं त्यानं कळवलंय. इतक्या वर्षांनी पोरगा येणार आणि दाराला कडी? दसैंचा टीका कपाळाला घरच्या उंबऱ्याच्या आत लागतो. तो येईपर्यंत मी हलत नाही." त्यांनी एकट्यानं भिंती लाल मातीनं सारवल्यात, अंधाऱ्या कोपऱ्यात जमऱ्याचे, टिक्याबरोबर द्यायच्या अंकुरांचे, जव काढून ठेवलेत. भीती त्यांनाही वाटते. सारवताना भिंतीला पडलेल्या चिरेवरून त्यांचा हात दोनदा-दोनदा फिरताना मी बघितलाय. पण तुझ्यासाठी ते बसून आहेत. तुझा दोस्त नरबीर सुट्टी संपवून आज तुमच्या पलटणीकडे निघालाय, हे पत्र त्याच्या हाती देतेय. दाजू, तू पत्रानं उत्तर देऊ नकोस, हे पोचल्या पोचल्या तार कर. बाकी काही नको, एवढंच: "बा, मी शाळेत येतोय, टीका तिथंच लावा." तुझ्या त्या एका ओळीनं ते उठतील, आमच्या कोणाच्या बोलण्यानं उठणार नाहीत. आणि लवकर कर. दक्षिणेकडून ढग पुन्हा चढतायत. भाउजूला वाटतं मी शाळेत तिच्या शेजारच्या वर्गात झोपते, तिला कळवू नकोस. बांना एकटं सोडून माझा पाय निघत नाही. हे पत्र मी आपल्या ओसरीवर बसून लिहितेय, आणि बा आत तुझं अंथरूण घालतायत.

तुझीच,
सुनमाया